शनिवारचा लोमो

लोमो? लोमोच म्हणालात ना बाई? नाही, ऐकू आलं, कानानं धड आहे मी — पण विचारलेलं बरं. आमच्या गावात लोमो मागत नाही कुणी. निदान शनिवारी तरी नाही, आणि माझ्या दुकानात तर नाहीच. तुम्ही गावच्या नव्हेत, ते बुटांवरूनच कळलं, इथल्या धुळीत असले बूट दोन दिवस टिकायचे नाहीत. राजधानीकडून? डोंगर बघायला आला असाल. येतात बरेच — डोंगर बघतात, फोटो काढतात आणि जाताना मांस नेतात. या, आत या, त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या सोडा मागं, माश्या येतात. हं. तर लोमो नको, मी सांगतो काय न्यायचं — हा बघा, कुशीचा तुकडा, एका अंगाला कशी जाड चरबी आहे! चरबीची बाजू खाली करून मंद निखाऱ्यावर ठेवायचा आणि गप्पा मारत बसायचं. चव म्हणतात ती ह्यात. लोमोला कुठली आलीय चव! लोमो मऊ असतो, संपलं. जनावराच्या कण्याखाली, आतल्या अंगाला दडून बसलेला असतो — एका जनावरात दोनच, अलीकडं एक नि पलीकडं एक — आणि काम म्हणाल तर शून्य. खांद्यानं ओझं ओढायचं, मानेनं वाकून चरायचं, मांड्यांनी कोसच्या कोस तुडवायचे, आणि ह्या साहेबांनी जन्मभर आत पडून राहायचं. म्हणून मऊ. म्हणून महाग. जगाचा न्यायच आहे हो तो, मी काय सांगणार! आमच्याकडं लोमो तिघांना वाढतात — दात पडलेल्याला, आजाऱ्याला आणि पाहुण्याला. बाकीच्यांनी हाडं चघळावीत. तुमचे दात तर शाबूत दिसतायत, आजारीही वाटत नाही — मग पाहुणे किती आहेत जेवायला? अं? किती म्हणालात?

थांबा, जरा सुरीला धार लावतो. आवाजाकडं लक्ष देऊ नका, बोलताना धार लावायची सवयच आहे मला. हा मागचा पडदा आहे ना, त्याच्या पलीकडं आमचं स्वयंपाकघर. आई बसलीय खिडकीशी. डोळे गेले तिचे, पण कान — बाप रे! छपरावरून मांजर गेलं तर कुणाचं ते सांगते. गिऱ्हाईक दारात आलं की पावलांवरून ओळखते, आतूनच ओरडते, रेमो, इर्माला कालच्या फासळ्या देऊ नकोस, ताज्या दे. रेमो म्हणजे मी. तुमची पावलं तिला नवी आहेत. बघा, आत भांड्यांचा आवाज थांबलाय. कानोसा घेतेय. म्हणून म्हणतो, काय बोलायचं ते मांसाबद्दल बोला. मांसाबद्दल कितीही मोठ्यानं बोला. दुसरं काही — दुसरं काही असलंच, तर आधी मला बोलून घेऊ द्या.

तो? हो, तोच लोमो. शेवटच्या आकड्यावर एकटा टांगलाय तो. दिसणारच तुम्हाला, दुकानात शिरणाऱ्याला आधी तोच दिसतो. अख्खा आहे, जाड टोकापासून निमुळत्या टोकापर्यंत, वरचा चंदेरी पापुद्रासुद्धा मीच सोलला सकाळी — असा सोलायचा की खाली मांसाला ओरखडा नाही. पण तो विकायचा नाही. तो माझ्या भावाचा आहे. गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, शनिवारचा लोमो आल्दोचा. आल्दो माझा धाकटा. तो ला प्लाता शहरात गुरांचा डॉक्टर व्हायला गेला आणि मी इथं गुरं कापायला राहिलो — बापानं बरोबर वाटणी केली होती, एकानं जगवायची, एकानं मारायची. दर शनिवारी दुपारच्या बसनं यायचा. आई सकाळपासून माझ्या मागं — रेमो, ठेवलास का? ठेवलास का पोराचा? — तिथं खानावळीत काय खात असेल, वाळलाय बघ कसा! वाळलाय म्हणे! मी इथं पहाटेपासून अर्धी धुडं खांद्यावर वाहतोय, मला कुणी विचारत नव्हतं. मला खांद्याचं मांस, त्याला लोमो. एकदा चिडून म्हटलंसुद्धा, आई, ह्या घरातला लोमो तोच आहे, पडून असतो आणि लाड होतात. तर तो हसत सुटला. म्हणाला, ढोल्या — मला ढोल्या म्हणायचा — ढोल्या, शास्त्र आहे ते. सगळ्या अंगानं राबायचं ठरवलं तर मऊ काहीच उरणार नाही, घरात एक तरी मऊ पाहिजे. असं बोलायचा. राग यायचा आणि जायचा.

आणि राबत नव्हता असंही नाही बरं का. तिकडं काय काय करत होता ते आम्हाला मागाहून कळलं. कुठल्या वस्तीत जायचा, पोरांना शिकवायचा, कागद वाटायचा. सत्त्याहत्तर साल होतं, लष्कराचं राज्य. तेव्हा कागद वाटणं म्हणजे — तुम्हाला मी काय सांगू. शनिवारी बस आली. मी दारातच उभा होतो, हात पुसत. कंडक्टर उतरला, दोन बायका उतरल्या, एक कोंबड्यांचं खुराडं उतरलं. बस गेली. आई म्हणाली, चुकली असेल, पुढच्या शनिवारी येईल, लोमो ठेव. मी ठेवला. पुढच्या शनिवारी ठेवला. बाप सगळीकडं जाऊन आला, बरॅकीत, चर्चमध्ये, पोलिसांकडं — सगळ्यांनी हात वर केले. असा कुणी इथं नाहीच, असा कुणी कधी नव्हताच. बापानं मग अंथरूणच धरलं आणि गेला बिचारा. आईनं नाही धरलं. आई म्हणते, गेला म्हणून कुणी सांगितलंय का? नाही ना? मग ठेव. झाकली मूठ आहे बाई तिची, आणि ती मूठ इतकी वर्षं कुणी उघडू शकलं नाही. मी तर नाहीच नाही.

रविवारी काय होतं सांगू? हसाल. रविवारी मी मागच्या अंगणात विस्तव करतो, रीतसर, लाकडाचे निखारे पडेपर्यंत थांबून. फासळ्या, सॉसेज, कुशीचा तुकडा, आणि सगळ्यात शेवटी लोमो — त्याला वेळ लागत नाही, नुसता जाळ दाखवायचा, वरून जाडं मीठ. आतून लालच राहिला पाहिजे, आल्दोला तसाच लागायचा. टेबलावर त्याचं ताट, त्याची खुर्ची, ग्लास पालथा. आई लोमो त्याच्या ताटात वाढते, आंधळी बाई, पण ताट चुकत नाही. आमचं जेवण होतं. मग ती उठते, ताट घेते, भिंतीला हात लावत लावत अंगणाच्या मागच्या दारापर्यंत जाते आणि तिथं जमलेल्या स्टेशनवरच्या कुत्र्यांना घालते. अख्ख्या प्रांतात अशी माजलेली कुत्री सापडायची नाहीत. मी? मी नाही खात. जन्म गेला मांस तोडायच्या ह्या ओंडक्यापाशी, हजारो सोलले असतील, आणि लोमोची चव मला ठाऊक नाही. मघाशी म्हणालो ना तुम्हाला चव नसते म्हणून — ते ऐकून.

आणि टाळ्या नाहीत. तुमच्याकडंही असेल की पद्धत, पहिला तुकडा टेबलावर आला की कुणीतरी ओरडतं, मांस भाजणाऱ्यासाठी टाळ्या! आणि सगळे वाजवतात. आमच्याकडं आल्दोचं वेगळंच. सगळ्यांचं वाजवून होईपर्यंत गप्प बसायचा, आणि मग एकटाच — टाप. टाप. टाप. तीनच. सावकाश. मला चिडवायला. तो गेल्यापासून आमच्या टेबलावर कुणी टाळी वाजवली नाही, मनच होत नाही कुणाचं. पण — आता हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला का सांगतोय कोण जाणे — रविवारी मी अंगणात टेबलाकडं पाठ करून उभा असतो, धूर डोळ्यांत असतो, लोमो उचलून ताटात ठेवतो, आणि मागनं येतं. टाप. टाप. टाप. वळून बघावं तर आई बसलेली. मी मनाची समजूत घातलीय की तीच वाजवत असणार. म्हातारं माणूस, असेल तिला वाटत. विचारलं नाही कधी. विचारलं आणि ती नाही म्हणाली तर?

हो आई! गिऱ्हाईक आहे! — काही नाही, राजधानीच्या बाई आहेत, लोमो म्हणजे काय विचारतायत, समजावून सांगतोय! — विचारते, इतका वेळ का लागतोय. हळू बोलतो आता. तुम्ही बोलू नका. तुम्ही त्या काचेत बघत राहा, मांस निवडल्यासारखं करा.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या शहरात ती माणसं आली होती. हाडांवरून ओळख पटवणारी. ज्यांचं कुणी असं गेलंय त्यांनी येऊन थेंबभर रक्त द्या, म्हणजे जुळवून बघू. मी आईला सांगितलं. तिनं हातातलं भांडं ठेवलं आणि म्हणाली, रक्त मेलेल्यासाठी मागतात. माझ्या मुलासाठी मागू नका. संपलं. मग मीच गेलो, आईला म्हटलं बाजारात जनावर बघायला चाललोय. बोटाला टोचलं, कागदावर थेंब घेतले, पट्टी लावून दिली. एवढंसं काम. रात्री तिला ताट देताना तिचा हात लागला पट्टीला. हे काय? म्हटलं, सुरी लागली. तिनं ताट ओढून घेतलं. मग जेवण उरकल्यावर म्हणते, तुला सुरी कधीपासून लागायला लागली रे? बाई, मी पोरगा होतो तेव्हापासून सुरी धरतोय, एकदाही कापून घेतलं नाही, आणि बहाणा सुचला तोही हाच! दुसऱ्या कुणाच्या घरात चालला असता. खाटकाच्या घरात कसा चालेल! पण तिनं पुढं विचारलं नाही, आणि मीही विषय मिटला असं धरून चाललो.

आणि तिथं रक्त घेणाऱ्या मुलाला मी निघताना सांगितलं होतं — घरी फोन करू नका. फोन आई उचलते. पत्रही नको, शेजारीण वाचून दाखवते. काही कळलं तर माणूस पाठवा दुकानात, शनिवारी दुपारी, बंद व्हायच्या सुमारास, आणि त्यानं फक्त लोमो मागायचा. गावचं कुणी मागत नाही, मला कळेल. मोठा शहाणा समजलो तेव्हा स्वतःला. आता बघा काय करून ठेवलं मी! तीन वर्षं झाली, कुणीही परकं माणूस ह्या पट्ट्या बाजूला सारून आत आलं की आधी त्याच्या हातात पिशवी आहे का ते बघतो. गेल्या उन्हाळ्यात एक जाडे गृहस्थ आले, टोपीबिपी घालून, म्हणाले लोमो द्या — हातातनं सुरी पडली माझ्या. त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता, बस्स. मी त्यांना कुशीचा तुकडा दिला, वर कुत्र्यासाठी फुफ्फुस फुकट दिलं, आणि ते गेल्यावर मागं जाऊन ओकलो.

तर बाई, तुम्ही सांगा. पाहुणे किती? आठ म्हणा, दहा म्हणा, काहीही म्हणा. मुलीचा साखरपुडा म्हणा. मी कुशीचा तुकडा बांधून देतो, पैसेही नकोत, तुम्ही जा तुमच्या डोंगरावर. — म्हणा ना. — पिशवी नाही तुमच्याकडं. मांस न्यायला आलेली बाई बिनपिशवीची येते का? आणि मघापासून तुम्ही लोमोकडं एकदाच बघितलंत, नंतर माझ्याकडंच बघताय. माझ्या तोंडाकडं. हनुवटी सारखी आहे आमची, बघताय ना? — नका सांगू. थांबा. मला भीती वाटतेय हो, खरं सांगतो, ह्या वयात मला पोरासारखी भीती वाटतेय. मी खाटीक आहे. भावाचं काय झालं असेल म्हटलं की बाकीच्यांना नुसता अंधार दिसतो, त्यांना देवानं तेवढी तरी दया दाखवलीय. मला अंधार दिसत नाही. मला सांधे कुठं असतात ते ठाऊक आहे. सकाळी धुडात हात घालतो, कण्याखाली बोटं सरकवतो लोमो सोडवायला, आणि डोळे मिटून घेतो. बोटांनाच काढू देतो. तुमच्याशी हाडं बोलतात म्हणे. माझ्याशीही बोलतात, फासळी दाखवा, वय सांगतो, कसं चरलं ते सांगतो. पण तुमच्या तोंडून मला ते नकोय. तुम्ही बोलू नका. मान हलवा फक्त. तोच आहे का?

बरं.

बरं, बरं. धार लावतो थोडी. आत ऐकू गेलं पाहिजे की मी काम करतोय.

ऐका आता. आज शनिवार आहे. उद्याचा एक रविवार जाऊ दे. एकच. तिला उद्या ताट वाढू दे, मग सोमवारी मी सांगतो, शप्पथ सांगतो, बसवून सांगतो. माझी भीती काय आहे माहितीय? ती रडेल ही नाही. तिचे डोळे गेले, पाय गेले, मैत्रिणी एकेक करून गेल्या, आणि ही बाई शनिवारी पहाटे उठते ती फक्त विचारायला — ठेवलास का? ज्या शनिवारी विचारायचं उरणार नाही त्या शनिवारी ती उठेल कशाला? आणि मी कुणासाठी सोलू? तुम्ही असं करा, हा लोमोच घेऊन जा. हो, हाच. म्हणजे खरंच गिऱ्हाईक होतं असं होईल. मी तिला सांगेन, राजधानीच्या बाई हट्टालाच पेटल्या, मी दुसरा आणतो. थांबा, काढतो, कागदात —

हा आकडा! मेला हा आकडा कुरकुरतो. ह्याला तेल घालायचं राहिलंय — ऐकलं तिनं. एकदा टांगला की शनिवारी हा आकडा कधी वाजत नाही, लोमो रविवारीच उतरतो. — काही नाही आई! तू बस! — नाही, कुणाला देत नाहीये, नुसता पुसायला — आई, उठू नकोस, पायरी आहे तिथं, आई! — बाई, सरका जरा, ती इकडं येतेय, बाप गेल्यापासून हा पडदा ओलांडला नाही तिनं — सांभाळून. हा माझा हात धर. — काय? — ह्या बाई. गिऱ्हाईक. — अगं गिऱ्हाईकच, लोमो काय असतो ते — काय म्हणतेस? — कुणी सांगितलं तुला? — कुठली पट्टी? — आई, ती सुरी लागली होती गं, मी तुला तेव्हाच — बरं. नव्हती लागली. नव्हती.

बाई, तुमचे हात पुढं करा. तिला हवेत तुमचे हात. दोन्ही. द्या, घाबरू नका, ती असंच ओळखते माणसाला. — ती विचारतेय, त्याला उचललं ते ह्याच हातांनी का. द्या उत्तर, मान हलवून उपयोग नाही, तिला दिसत नाही. — हो आई, हो म्हणतायत. ह्याच हातांनी. — हो, रडतायत त्या. — ती म्हणते, हात गार आहेत पोरीचे, हिला काही खायला घातलंस का. — आई, आज कसा विस्तव? आज शनिवार आहे, विस्तव उद्या — बरं. — बाई, ती म्हणते, उपाशी जायचं नाही. ती म्हणते, अख्खा लोमो टाक, कापू नकोस, तीन ताटं घे. तीन कशी आई? तू, ह्या बाई — आणि — ती म्हणते, तिसरं रेमोचं. मी खायचा. इतकी वर्षं खांद्याचं खातोयस, आज तू खा. — का पण? आणि त्याचं? — ती म्हणते, त्याच्यासाठी आता ठेवायचा नाही. ठेवतात ते वाटेवर असलेल्यासाठी. तो पोचला.

थांबा. — हे काय होतं? — तुम्ही ऐकलंत ना बाई? आत्ता. अंगणातनं. तीन. तिचे दोन्ही हात तुमच्या हातांत आहेत, मी बघतोय, माझ्या हातात लोमो आहे. — आई, तू — ? — रविवारी तू वाजवायचीस ना? रविवारी तूच वाजवायचीस ना, आई? — नाही?

कोण ते दारात? इर्माबाई, नका आत येऊ. नाही, फासळ्या नाहीत, काही नाही, दुकान बंद झालं. — लोमो हातात आहे तो? हो, शनिवारच आहे, मला ठाऊक आहे आज शनिवार आहे. — जा तुम्ही. पट्ट्या सोडा आणि जा, घरी पाहुणा आलाय आमच्या.